भिंतीवरची बुरशी आणि फुकट तपासणीवाला

पत्र : बडोद्याच्या अकोट्यात तळमजल्यावर आमचं विटांचं, जुनं घर आहे. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी घरात गुडघाभर साचलं होतं. पाहुणे यायचे म्हणून दिवाळीआधी पुट्टी भरून प्लास्टिक पेंट करून घेतला. पुढच्या पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीवर, कपाटामागे, कमरेच्या उंचीपर्यंत काळे डाग उठले. खाली रंगाला फुगे आलेत आणि खोलीत कुबट वास येतो. सासूबाई त्याच खोलीत झोपतात, त्यांचा खोकला हटत नाही. मुलगा फ्लोरिडात असतो. तो म्हणतो, "सर्टिफाइड मोल्ड इन्स्पेक्टर बोलाव." नेटवर शोधून एकाला बोलावलं. तपासणी फुकट होती. त्यानं भिंतीला मीटर लावला, तो लाल झाला. "ब्लॅक फंगस आहे, आजींना धोका आहे," म्हणाला. हवेच्या टेस्टचे 14,000 आणि फॉगिंग-कोटिंगचे 95,000 सांगितले, आजच ऍडव्हान्स दिला तर सूट. खरा तपासनीस ओळखायचा कसा? आणि सासूबाईंचे शालू त्याच कपाटात होते, ते टाकून द्यावे लागतील का? – एक वाचक, अकोटा

उत्तर :

ताई, ऍडव्हान्स दिलात की नाही, ते पत्रावरून कळत नाही. दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर पावती आणि त्या माणसाचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा. पैसे परत द्यायला तो कुरकुर करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे.

मुलाचा सल्ला त्याच्या गावापुरता बरोबर आहे. फ्लोरिडात घरातली बुरशी तपासणाऱ्याला राज्याचा परवाना लागतो, ती काढणाऱ्याला वेगळा लागतो, आणि ज्याच्या कंपनीनं घर तपासलं तिनं त्याच घरातलं बुरशी काढायचं काम बारा महिने घ्यायचं नाही, असा तिथला कायदा आहे. न्यूयॉर्क राज्यातही 2016 पासून एकाच कामात तपासणारा आणि साफ करणारा एक असून चालत नाही. आपल्याकडे मुळात असा परवानाच नाही. तेव्हा कुणाच्या कार्डावर 'गव्हर्नमेंट अप्रूव्ड मोल्ड इन्स्पेक्टर' असं छापलेलं दिसलं तर चहा पाजून वाटेला लावा.

त्या कायद्यामागची अक्कल मात्र आपण घरच्या घरी वापरू शकतो : जो दुखणं शोधणार, त्याच्याकडून औषध घ्यायचं नाही. तुमच्याकडची तपासणी फुकट होती कारण तिचा खर्च त्या 95,000 मधून निघणार होता. अशा माणसाला तुमच्या घरात बुरशी नाही असं म्हणणं परवडतच नाही. म्हणून पहिली अट हीच ठेवा. तपासणीची फी ठरवून, पावती घेऊन द्या, आणि फोनवरच स्पष्ट सांगा की दुरुस्तीचं काम त्याला किंवा त्याच्या ओळखीच्या कुणाला मिळणार नाही. एवढं ऐकून ज्याचा उत्साह मावळेल, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आता त्या 'ब्लॅक फंगस'बद्दल, कारण हे दोन शब्द ऐकून तुमची झोप उडालेली दिसते. 2021 मध्ये कोविडनंतर जो आजार आला तो म्युकरमायकोसिस. रुग्णाची मेलेली कातडी आणि हाडं काळी पडत, म्हणून त्याला ते नाव पडलं. मधुमेह हाताबाहेर गेलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांना तो प्रामुख्यानं झाला. ओल्या भिंतीवरच्या काळ्या डागाशी त्याचा संबंध जोडणं म्हणजे निव्वळ भीती विकणं. भिंतीवर काळी दिसणारी बुरशी बरीच वेळा क्लॅडोस्पोरियम किंवा ॲस्परजिलसच्या जातीची असते. अमेरिकेत ज्या 'विषारी काळ्या मोल्ड'चा बोलबाला आहे ती स्टॅकिबॉट्रिस. तिला सतत भिजलेला कागद किंवा पुठ्ठा हवा असतो, आणि तिथल्या घरांत आतून कागद चिकटवलेले जिप्समचे बोर्ड असल्यामुळे तो तिला आयता मिळतो. विटा-सिमेंटच्या भिंतीत तिचं तितकं फावत नाही. पण जात कुठलीही असो, नुसत्या रंगावरून ती कुणालाच सांगता येत नाही. ज्यानं दाराशी उभं राहून सांगितली, त्याच्याबद्दल मला पुढे काही ऐकायची गरज नाही.

मीटरचीही तीच गत. दोन सुया टोचायचा तो मीटर मुळात लाकडासाठी बनलेला. गिलाव्यावर त्याचा आकडा म्हणजे टक्के नव्हेत. इथे जास्त, तिथे कमी, एवढंच तो सांगतो. आणि भिंतीत क्षार असले तर वीज त्यातून सहज वाहते, त्यामुळे भिंत फारशी ओली नसली तरी मीटर लाल होतो. पुराचं पाणी शिरलेल्या भिंतीत क्षार असणारच. थर्मल कॅमेऱ्याचंही तसंच आहे. तो तापमान दाखवतो, पाणी दाखवत नाही. ओल असलेली जागा बाष्पीभवनानं गार पडते म्हणून निळी दिसते, पण एसीच्या झोतानंही भिंत निळी दिसते. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत. वापरणाऱ्याला त्यांच्या मर्यादा ठाऊक असल्या पाहिजेत. फोनवर सरळ विचारा, "क्षार असलेल्या भिंतीवर तुमचा मीटर कसा वागतो?" जाणकार माणूस या प्रश्नावर खुलतो आणि दहा मिनिटं बोलत बसतो.

तुमच्या भिंतीचं काय झालं असावं, ते पत्रावरून बरंचसं दिसतं. त्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली होती. गुडघाभर पाणी साचलं म्हणजे विटांनी ते पिऊन आणखी वर चढवलं. भिंत वाळायला साधारण इंचाला महिना, असा जुना ठोकताळा आहे, तोही हवा खेळती असेल तर. म्हणजे नऊ इंची भिंतीला पुढचा उन्हाळा उजाडायला हवा होता. तुम्ही दोन महिन्यांत पुट्टी भरून वर प्लास्टिक पेंटचा पडदा चढवला. (तुम्ही एकट्या नाहीत. त्या दिवाळीत नदीकाठच्या कितीतरी घरांनी हेच केलं, आणि रंगारी कशाला नको म्हणेल?) आत कोंडलेलं पाणी बाहेर पडायला धडपडतं, त्याचेच ते फुगे. एक फुगा नखानं फोडून पाहा. आत पांढरी, कापसासारखी भुकटी निघाली तर तो लोणा, म्हणजे क्षार. ती बुरशी नव्हे. चमचाभर पाण्यात टाका, विरघळली की खात्री पटली.

पण एवढंच कारण आहे असं मी इथे बसून ठामपणे सांगणार नाही. त्यासाठीच माणूस बोलवायचा. पुराची कोंडलेली ओल, जमिनीतून चढणारी ओल, पलीकडच्या बाथरूममधली गळती आणि हवेतला दमटपणा गार भिंतीवर जमून झालेली ओल, या चारांचे डाग आतून सारखेच दिसतात. इलाज मात्र चौघांचे चार. गळती असताना भिंतीवर रसायन मारणं म्हणजे पैसे भिंतीत पुरणं, आणि गार भिंतीचा दोष असताना जोतं फोडणं हा त्याहून मोठा मूर्खपणा.

त्यातला एक भाग तुम्ही स्वतः करून पाहू शकता. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा दीड-दीड फुटाचा तुकडा डागांच्या शेजारी, रंग शाबूत असलेल्या कोरड्या जागी चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतून. कोणालाही बोलवायच्या आधी हे करून फोटो काढून ठेवा. येणाऱ्याला ते दाखवलेत की तो बोलताना जपून बोलेल.

आता बोलवायचं कुणाला? माझं मत स्पष्ट आहे. तुमच्यासारख्या घराला 'मोल्ड इन्स्पेक्टर' नको, इमारतींच्या ओलीचं काम केलेला सिव्हिल इंजिनिअर हवा, महानगरपालिकेत नोंदणी असलेला आणि स्वतः वॉटरप्रूफिंगचं कंत्राट न घेणारा. ज्या गावात 1890 साली तंत्रशिक्षणाचं कलाभवन उघडलं तिथे असा माणूस सापडणं अवघड नाही. सोसायटीच्या गच्चीची किंवा टाकीची पाहणी कुणाकडून करून घेतली होती, ते सेक्रेटरींना विचारा. दोन अशा घरांचे फोन नंबर घ्या जिथे त्यानं ओल शोधली आणि त्यावर पावसाळा जाऊन आला आहे. नुकतं काम झालेल्या घराचा हवाला उपयोगाचा नाही, कारण एप्रिलमध्ये सगळ्याच भिंती कोरड्या असतात. याच कारणानं पाहणीही पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरात करून घ्या. उन्हाळ्यात आलेल्या माणसाला चोर पळून गेल्यावर पंचनामा करावा लागतो.

मुलगा 'सर्टिफाइड'वर अडून बसला तर त्याला हे सांगा. आपल्याकडे जी प्रमाणपत्रं दाखवतात ती बहुतेक अमेरिकी संस्थांची असतात आणि सगळी एका तोलाची नसतात. आयआयसीआरसीचं बुरशीचं प्रमाणपत्र बुरशी काढणाऱ्या कारागिराचं आहे, तपासणाऱ्याचं नव्हे. इंटरनॅचीचं ऑनलाइन अभ्यासक्रम करून मिळतं. एसीएसीच्या प्रमाणपत्राला प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि परीक्षा लागते, म्हणून ते वजनदार. अशा संस्था आपल्या प्रमाणपत्रधारकांची यादी संकेतस्थळावर ठेवतात. मुलालाच म्हणावं, तिथे नाव शोध, रात्री जागाच असतोस.

चांगला माणूस आल्यावर काय करतो, ते पाहायला मजा येते. भिंतीला हात लावायच्या आधी तो बसून विचारतो : पाणी किती वर आलं होतं, किती दिवस होतं, रंग कधी दिला, भिंतीपलीकडे काय आहे, एसी किती आकड्यावर लावता, डाग पावसात वाढतात की बारा महिने सारखेच असतात. मग तो बाहेर जातो. तुमच्या घराला बाहेरून प्रदक्षिणा न घालता जो आतूनच निकाल देतो, तो तपासनीस नव्हे. बाहेर तो जोत्यापाशी बसेल. गेल्या काही वर्षांत आपल्या सोसायट्यांनी आवारात मातीचा थर टाकून वर पेव्हर ब्लॉक बसवले, आणि अनेक ठिकाणी आवाराची पातळी जोत्याच्या ओलरोधक थराच्या वर गेली. तसं झालं की पावसाचं पाणी तो थर ओलांडून सरळ विटेत शिरतं. भिंतीलगत तुळशीचा किंवा कर्दळीचा वाफा असेल तर तोही तो बघेल, आणि गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो कुठे सांडतो तेही. आत येऊन कपाट ओढायला लावेल. टॉर्च भिंतीवर समोरून न मारता भिंतीला चिकटवून आडवा धरेल. त्या तिरप्या उजेडात रंगाखालचा एकेक फुगवटा आणि पाण्याची जुनी रेघ उठून दिसते. बोटांच्या पेरांनी ठोकत जाईल, जिथे पोकळ वाजेल तिथे पेन्सिलची खूण करेल. मग मीटर काढेल, आणि जमिनीपासून वर एकेका वीतभर अंतरावर आकडे भिंतीवरच लिहीत जाईल. खाली जास्त आणि वर कमी होत गेले तर ओल खालून येतेय. मध्येच एका जागी उसळले तर गळती. शंका उरली तर भिंतीला बारीक भोक पाडून आतला चुरा घेईल. तो प्रयोगशाळेत तोलून, भट्टीत वाळवून, पुन्हा तोलतात. भिंतीत खरं पाणी किती, ते त्यातून कळतं आणि त्यात क्षारांची लबाडी चालत नाही. हे सगळं पंधरा मिनिटांत उरकत नाही.

अहवाल लेखी घ्या. त्यात फोटो हवेत, आकड्यांचा नकाशा हवा, ओलीचं कारण एका वाक्यात हवं आणि दुरुस्तीचा क्रम हवा. एखाद्या कंपनीच्या कोटिंगचं नाव घेऊन 'हेच वापरा' लिहिलेलं असलं तर कमिशनचा वास येतो.

हवेच्या टेस्टचे 14,000 वाचवा. हवेत बुरशीचे किती बीजाणू असले तर धोका, असा सर्वमान्य आकडाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 साली घरातल्या ओलीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही असा आकडा दिला नाही. ओल थांबवा, हेच सांगितलं. बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर नमुने घ्यायची बहुतेक वेळा गरज नसते, असं अमेरिकेची पर्यावरण संस्थाही म्हणते. शिवाय पावसाळ्यात आपल्या अंगणातल्या हवेतच बीजाणू भरपूर असतात, त्यामुळे त्याच वेळी बाहेरचा नमुना घेऊन तुलना केल्याशिवाय आतल्या आकड्याला अर्थ नाही. 'तुम्ही बाहेरचाही नमुना घेणार होतात का?' एवढं त्या माणसाला विचारून बघा. टेबलावर उघडी काचेची ताटली ठेवून 'बघा किती उगवलं' दाखवणारेही असतात. ती ताटली कुठल्याही घरात उगवते. बुरशी दिसत नाही पण वास येतो आणि घरातला माणूस आजारी आहे, किंवा प्रकरण कोर्टात जायचं आहे, अशा वेळी टेस्ट जरूर करावी, आणि तीही एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता त्याच चाचणीसाठी असलेल्या प्रयोगशाळेतून. नुसता लोगो पुरत नाही. मान्यता कोणकोणत्या चाचण्यांना आहे, त्याची यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर असते.

फॉगिंगचं एका ओळीत सांगतो. त्यानं बुरशी मेली तरी मेलेल्या बुरशीनंही ॲलर्जी होते, आणि ओल राहिली की दुसरी उगवते.

इंजिनिअर येईपर्यंत सासूबाईंची खाट दुसऱ्या खोलीत हलवा. हे आजच करा. दमा, ॲलर्जी असणाऱ्याला ओलीचा त्रास होऊ शकतो, पण या वयात हटत नसलेला खोकला भिंतीच्या नावावर घालून बसू नका. छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि घरात ओल आहे हे त्यांना आवर्जून सांगा. कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. एक साधा आर्द्रता-मापक आणून खोलीत टांगा, आकडा 60 च्या खाली राहील असं पाहा. भर पावसात खिडक्या उघडून खोली वाळत नाही, उलट बाहेरची दमट हवा आत येते. उघडीप मिळाली, ऊन पडलं की उघडा. एरवी एसी ड्राय मोडवर चालू द्या. डाग पुसायचेच असतील तर एन-95 मास्क आणि हातमोजे घालून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं. सुका ब्रश मारू नका, सगळी भुकटी हवेत उडते. ब्लीच वापरलंत तर त्याच्या आसपासही संडासाचं ॲसिड आणू नका. दोन्ही मिसळून क्लोरीन वायू निघतो, तो मात्र खरोखर जिवावर बेततो.

दुरुस्तीचा अंदाज हवा असेल तर, पुराचीच ओल निघाली तर काम कंटाळवाणं आहे पण गहन नाही. प्लास्टिक पेंट, पुट्टी आणि क्षार धरलेला गिलावा डागांच्या फूट-दीड फूट वरपर्यंत खरवडून विटा उघड्या करायच्या आणि एक आख्खा उन्हाळा तशाच ठेवायच्या. घर भयंकर दिसेल, आल्यागेल्याला कारण सांगावं लागेल. नंतर चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचाच हात. रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती चुन्यामुळेच श्वास घेत राहिल्या, आणि चुन्यावर बुरशीलाही सहज थारा मिळत नाही. हे काम साधा गवंडी करतो. पेव्हर ब्लॉकची पातळी कारणीभूत निघाली तर मात्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडायची तयारी ठेवा. त्यात इंजिनिअरचा लेखी अहवाल उपयोगी पडेल.

शालू टाकू नका. कोरड्या दिवशी अंगणात सावलीत पसरा. कडक उन्हात रेशमाचा रंग विटतो. मास्क लावून मऊ ब्रशनं बुरशी अलगद झाडा, मग ड्रायक्लीनवाल्याकडे द्या आणि त्याला बुरशी लागल्याचं आधीच सांगा, म्हणजे तो बाकीच्या कपड्यांपासून ते वेगळे ठेवेल. परत आल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, मलमलच्या जुन्या धुतलेल्या कापडात गुंडाळा. आणि कपाटाची प्लायवूडची मागची फळी दाबून पाहा. ती मऊ लागली तर शालू परत आत ठेवायच्या आधी सुताराला बोलवा.